मनोरीचा फणस आणि एका डोळ्याचा राखणदार

कॅमेरा घरी आला त्या दिवशी मी खोक्याला कुंकू लावलं. माझा नवरा सहदेव म्हणाला, "अगं, नाही आवडला तर परत करायची सोय आहे. कुंकू लावलेला घेतील का ते?"

सहदेवचं हे असं. मंगळसूत्र घेतानासुद्धा त्याने दुकानदाराला परतीची मुदत विचारली होती. मी लक्ष दिलं नाही. माझ्या अंगावर त्या दिवशी नुसता आनंदाचा काटा होता. आमची आई जात्याला पहिला घास घालताना अशीच मोहरायची आणि तिच्या तोंडून ओवी सुटायची. माझ्याकडे जातं नाही, मिक्सर आहे. मिक्सरवर ओवी म्हणता येत नाही, पहिली ओळ संपेपर्यंत चटणी होते. तरीही त्या दिवशी खोक्यावर हात ठेवला आणि ओवी आलीच:

मनोरीच्या वाडीवरी, डोळा लाविते काचेचा
चोराआधी गं पोचेल, मला निरोप चोराचा

"झकास," सहदेव म्हणाला. "आता कंपनीवाल्यांना पाठव, खोक्यावर छापतील."

मनोरीची वाडी म्हणजे माझे सासरे, नाना, यांचा जीव. गिरणी बंद पडल्यावर हाती आलेलं सगळं त्यांनी खाडीपलीकडच्या त्या तुकड्यात घातलं होतं. चार माड, एक विहीर, अळूचा वाफा, मोडकळीला आलेलं एक खोपटं, आणि मधोमध फणस. कोकणातलं घर भाऊबंदकीत गेलं, तेव्हापासून नानांचं कोकण मार्वेच्या जेट्टीवरून बोटीने पाच मिनिटांवर आलं होतं.

त्या फणसाचे फणस चोरीला जात. दर मे महिन्यात. बोटाने वाजवून बघावा, अजून चार दिवस म्हणून विक्रोळीला घरी परत यावं, आणि पुढच्या खेपेला देठ तेवढा लोंबत असावा. ओल्या बाळंतिणीच्या मांडीवरून बाळ उचलून न्यावं तसं ते झाड दिसायचं.

आणि या वर्षी त्यात जयवंतभावोजींनी पाचर मारली. भावोजी म्हणजे सहदेवचे थोरले भाऊ, मुलुंडला चोविसाव्या मजल्यावर राहतात आणि खालच्या लोकांशी त्याच उंचीवरून बोलतात. वाडी विकायचं टुमणं त्यांनी बरीच वर्षं लावलेलंच होतं. या होळीला आले, पुरणपोळी खाल्ली, आणि तूप निथळत्या बोटाने म्हणाले, "ती जागा पर्यटकांसाठी बांधणाऱ्या त्या कॉटेजवाल्याला विकून टाकू. तुम्हाला एक फणस राखता येत नाही, वाडी काय राखणार?"

नाना गप्प झाले. नाना बोलतात तेव्हा काही वाटत नाही, गप्प झाले की घरातलं घड्याळ ऐकू येतं.

मी म्हटलं, "भावोजी, या मेमध्ये वाडीचा फणस तुमच्या मुलुंडच्या टेबलावर आणून ठेवते. मग?"

"मग मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. पण नाही आणलास, तर विक्रीवर सह्या."

"चालेल," मी म्हटलं. सहदेवने पोळीत तोंड लपवलं.

अशी ही पैज. आता फणसाला राखण हवी, स्वस्तात हवी, आणि आमच्यापैकी कुणालाही मनोरीत मुक्कामाला जायला न लावणारी हवी. मला कॅमेरा सुचला. सुचला तो सुचलाच, पण मी ते चुकून गॅलरीत उभं राहून मोठ्याने बोलले. कन्नमवार नगरात गॅलरीत बोललेलं वाक्य वर्तमानपत्रात छापलेल्या जाहिरातीसारखं असतं. संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रांग लागली. एक म्हणाले, खोटा कॅमेरा लाव, लाल दिवा लुकलुकला की चोर पळतो. दुसरे म्हणाले, कुत्रा पाळ, कुत्र्याला रिचार्ज लागत नाही. तिसऱ्यांनी आपल्या मेहुण्याने शहापूरच्या शेतावर लावलेल्या आठ कॅमेऱ्यांची कथा सांगितली. चोरांनी आठही कॅमेरे नेले, शेतातलं काही नेलं नाही. म्हणजे शेत सुरक्षित राहिलं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

समोरच्या दारातली संघमित्रा तेवढी सरळ बोलली. ती वॉर्ड ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर असते, त्यामुळे तिला जगाकडून काहीच अपेक्षा नाही. "शेवंती, यार, आधी बघ तिथे लाईट आहे का. तू हार आणशील आणि देवच नसेल."

तिच्याच ओळखीने मी घाटकोपरच्या दुकानात गेले. दुकानदार किरण, तरतरीत, कानात एक यंत्र, हातात एक यंत्र. भिंतभर कॅमेरे लटकलेले. मी शिरले आणि सगळ्या पडद्यांवर मीच, वेगवेगळ्या कोनांतून, आणि एकाही कोनातून बरी नाही.

"ताई, साइट कुठेय?"

"मनोरी."

"वायफाय?"

"नाही."

"लाईट?"

"नाही."

"मग आहे काय तिथे?"

"फणस."

किरणने कानातलं यंत्र काढलं. म्हणाला, "लाईटचं मीटर घेऊन या, मग चारचा सेट देतो. रेकॉर्डिंगचा डबा, केबल, सगळं. स्वस्तात."

मीटरसाठी मी वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, घर आहे? म्हटलं, खोपटं आहे, त्यात फक्त पालीची वस्ती आहे. पंप आहे? विहिरीला दोर आणि बादली आहे. "मग मीटर कशासाठी?" मी खरं बोलणारी बाई. म्हटलं, "फणसासाठी." मागच्या रांगेत हसण्याची लाट उठली आणि जिन्यापर्यंत जाऊन फुटली. बाई मात्र कर्तव्यकठोर. म्हणाल्या, "फणसाच्या नावावर मीटर मिळत नाही. जमिनीच्या मालकांच्या सह्या आणा, सगळ्यांच्या." मालकांत जयवंतभावोजीही होते. ज्यांच्याशी पैज, त्यांच्याच सहीने शस्त्र कसं आणणार? मी अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला आणि खिडकीला नमस्कार केला.

शेवटी किरणने उन्हावर चालणारा कॅमेरा काढला. वर पापणीसारखी सोलरची पाटी, पोटात सिमकार्ड, एकच डोळा, पण भुवया उंचावल्यासारखा सदा चकित. कुणी समोर आलं की मोबाइलवर टिंग वाजणार. आणि वर किरण म्हणाला, "यात माइक आहे, स्पीकर आहे. चोराचं बोलणं तुम्हाला ऐकू येईल, तुम्ही ही खूण दाबून इथून ओरडलात की चोराला. खूण सोडाल तेव्हाच तिकडचं इकडे येईल. एकच घ्या ताई, जागेवर लावला की पुरे." बजेटही म्हणालं, एकच घे.

आधी तो आम्ही आमच्याच गॅलरीत लावून बघितला. तिथे त्याने कावळा, सुकत घातलेला टॉवेल आणि वाऱ्याने हललेली तुळस यांच्याबद्दल दिवसभर टिंगटिंग करून मला धाववलं. दर टिंगेला मी जुन्या प्रेयसीसारखी मोबाइलकडे झेपावे. पण खरा वेडावला तो नानांचा जीव. त्या स्पीकरचं त्यांना अपरूप वाटलं. आतल्या खोलीत बसायचं आणि बाहेर बोलायचं! संघमित्राचा नवरा रतन दुधाची पिशवी घेऊन येत होता, त्याला गॅलरीतून नानांचा आवाज आला, "कोण रे तो? खंय चल्लो?" गॅलरीत माणूस नाही. रतनने पिशवी सोडली.

संघमित्रा दार उघडून म्हणाली, "नाना, दूध गेलं ते गेलं. त्याचा उरलेला जीव तरी द्या परत!"

"दूध मी हाडून देतंय गो," नाना कॅमेऱ्यातूनच म्हणाले. समोरासमोर यायला तयारच नाहीत.

मग मनोरी. खांबासाठी लोखंडी पाइप मार्वेपर्यंत टेम्पोतून नेला. बोटीवरच्या तिकीटवाल्याने पाइपाकडे पाहिलं, आम्हा पाचजणांकडे पाहिलं. आम्ही दोघं, नाना, किरण आणि "मी फक्त मासे खायला येतेय" असं बजावून आलेली संघमित्रा. तिकीटवाला म्हणाला, "ह्याचं तिकीट बाइकचं लावू की माणसाचं?" सहदेव म्हणाला, "उभा राहणार आहे, माणसाचं लावा." खाडीच्या मध्यावर बोट डुलली, पाइप वळला, आणि एका गृहस्थाची टोपी अलगद उचलून पाण्यात ठेवून परत जागेवर आला. उरलेली खाडी आम्ही टोपीकडे न बघता पार केली.

वाडीत शेजारची प्रेमा वाट बघत होती. मासे विकून आल्यावर ती आमच्या झाडांवरही नजर ठेवते. मी म्हटलं, "प्रेमाताई, चोर कधी दिसला का हो?"

"दिसत नाय. मी बाजारात असते तवाच येतो. पण बाई, तुमचा चोर लई गुणाचा," ती म्हणाली. "फाटकाला कडी लावून जातो. मागच्या साली तर अळूला पाणी घालून गेला. असा एक मलापण बघा."

आम्ही हसलो. तिथेच आम्ही विचार करायला हवा होता, पण खांब उभा राहत होता आणि माझ्या मनात सनई वाजत होती.

किरणने खांब विहिरीपाशी रोवला, डोळा फणसाकडे वळवला आणि मोबाइलमध्ये मला दाखवलं. फणसाचं खोड, खोडाला लगडलेला मोठा फणस, काटेरी आणि तृप्त, गर्भार बाईसारखा टेकून बसलेला. माझे डोळे भरून आले.

"थांबा," नाना म्हणाले.

फणसाच्या मुळाशी एक उभा दगड आहे. प्रेमाच्या मते तो जमीन मोजणाऱ्यांनी पुरलेला दगड. नानांच्या मते तो राखणदार. कोकणात प्रत्येक वाडीला असतो, न दिसणारा, जागेची राखण करणारा. त्याला वर्षाला नारळ द्यायचा आणि आदबीने वागायचं. नाना म्हणाले, "तो थंय बसलो हा. तेच्या तोंडार रात्रंदिवस डोळो रोखून ठेवशात? राखणदारावरच राखण? तेका काय वाटात?"

किरण म्हणाला, "नाना, थोडा वळवला तर फ्रेममधून फणस जाईल."

"फणसाची काळजी तेका. क्यामेरो बाकीच्याक बगूदे."

मी शिकलेली बाई, पण दगडाकडे बघितलं आणि मलाही वाटलं, खरंच, जेवणाऱ्या माणसाकडे कुणी असं टक लावून बघतं का? सहदेवने किरणला खूण केली. किरणने व्यवसायातल्या सगळ्या तत्त्वांना तिलांजली देत डोळा फिरवला. पडद्यावर आता विहीर, अळू, अर्धं फाटक आणि फणसाची सावली होती. ज्याच्यासाठी एवढा प्रपंच मांडला तो फणस तेवढा नव्हता.

मग नानांनी गाऱ्हाणं घातलं. एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, भोवती उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, अशी आमची रीत.

"बा राखणदारा, म्हाराजा! तुझ्या लेकरांनी हयसर काचेचो एक डोळो उभो केलो हा, तेका तुझ्या हाताखाली घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं म्हणालो. या घरात लहानपणापासून हे इतकं मुरवलेलं असतं की गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार आपोआप निघतो, शिंक यावी तसा. जयवंतभावोजींचा होकार तर सगळ्यांत मोठा असायचा, म्हणे. परळच्या जुन्या चाळीत त्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं की खालचा इस्त्रीवाला वर बघायचा. मुलुंडला गेल्यापासून त्यांनी हे सगळं सोडलं होतं.

संघमित्रा बाजूला उभी होती. "मी नाही हां म्हणणार. आमच्याकडे गाऱ्हाणं लेखी देतात आणि पोचपावती घेतात."

"तुझ्या ऑफिसात गाऱ्हाण्याचं पुढे काय होतं गं?" सहदेवने विचारलं.

"तेच. पोचपावती मिळते."

त्यानंतरचे दिवस मी हवेत होते. टिंग वाजे, आणि मनोरीचा खेकडा विहिरीच्या काठावरून तिरका चालत माझ्या विक्रोळीच्या ओट्यावर येई. टिंग, प्रेमाच्या कोंबड्या. टिंग, झावळी पडली. भाजी फोडणीला टाकावी आणि खाडीचा वारा कानाशी वाजावा, याहून श्रीमंती ती काय? नाना सकाळी उठून मोबाइलसमोर बसत आणि अळूशी बोलत. अळू वाढलंही. त्यांचं म्हणणं, बोलण्यानेच वाढलं.

एक मे. सुट्टी. दुसऱ्या दिवशी आम्ही फणस उतरवायला जाणार होतो, तो थेट मुलुंडला न्यायचा होता. मी नवी कापडी पिशवीसुद्धा शिवली होती. संघमित्रा वाटीभर खीर घेऊन आली होती. आणि टिंग वाजलं.

पडद्याच्या कडेला दोन बूट. पांढरे, पळायचे. अर्ध्या फाटकातून आत आले, मागे वळले, कडी लावली, आणि फणसाच्या बाजूला पडद्याबाहेर गेले.

"चोर!" मी ओरडले. "सहदेव, चोर! आणि काही दिसत नाही! वाट लागली!"

"राखणदार बघतोय," सहदेव म्हणाला.

मी प्रेमाला फोन लावला. ती बाजारात, नुसता माशांचा आणि माणसांचा कालवा ऐकू आला. आणि मोबाइलमधून आवाज यायला लागला. ठक्. थांबला. ठक्. कोयत्याचा. प्रत्येक ठक् माझ्या बरगडीवर. उद्या मी मुलुंडला काय नेणार, देठ? माझ्या डोळ्यांसमोर अळूच्या वाफ्यावर कॉटेज उभं राहिलं, निळ्या फरशीचं.

"सरा गो," नाना म्हणाले. त्यांनी मोबाइल हातात घेतला, स्पीकरची खूण दाबून धरली, जशी त्यांनी गॅलरीत दाबून रतनचं दूध सांडलं होतं तशीच, आणि डोळे मिटले. मला वाटलं, शिव्या देणार. गिरणीतल्या माणसाच्या शिव्या म्हणजे... पण नाही. नानांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, म्हाराजा! तुझ्या पायाकडे आज कोण इलो हा, तो माका दिसना नाय. पण तुका दिसता हा रे म्हाराजा!"

त्यांनी बोट उचललं, आणि पडद्याबाहेरून, फणसाच्या दिशेने, मोठा, खणखणीत, परळच्या चाळीचा जिना हलवणारा आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

कोयता थांबला. विक्रोळीत खिरीचा चमचा थांबला. मनोरीत बहुधा वारासुद्धा थांबला.

सहदेव हळूच म्हणाला, "दादा?"

नानांनी डोळे उघडले. खूण पुन्हा दाबली. "जयवंता?"

मग चोरी पकडली गेलेल्या पोराचा आवाज, पण भरदार: "...नाना? तुम्ही कुठे आहात?"

"मी घराकडे आसंय. तू खंय आसस?"

जयवंतभावोजी पडद्यात आले. दोन्ही हात कोपरापर्यंत खोबरेल तेलाने माखलेले, फणसाचा चीक लागू नये म्हणून पंजे भुतासारखे पुढे धरलेले. म्हणजे तयारीने आलेले होते. आकाशाकडे, विहिरीकडे, दगडाकडे बघून झाल्यावर त्यांना खांबावरचा डोळा दिसला आणि ते त्याच्यापुढे प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे राहिले.

मी मोबाइल ओढून घेतला. "भावोजी! तुम्ही! दरवर्षी तुम्हीच?"

"दरवर्षी म्हणजे... हो."

"आणि वर आम्हालाच म्हणता, फणस राखता येत नाही?"

"बरोबरच म्हणतो!" भावोजींना एकदम बळ आलं. "मला नेता आला म्हणजे कुणालाही नेता येईल! मी घरचा आहे म्हणून ठीक. उद्या खरा चोर आला तर?"

संघमित्राने खीर खाली ठेवली.

"अहो, मागितला असता तर दिला नसता का?" मी म्हटलं.

भावोजींनी खालच्या गवताकडे बघितलं. चोविसाव्या मजल्याचा माणूस एकदम तळमजल्यावर आला. "कुठल्या तोंडाने मागू? विकायचं म्हणणारा मीच. पहिल्यांदा कॉटेजवाल्याला जागा दाखवायला आलो होतो, शेवंती. तो मोजमाप घेत होता आणि मला फणसाचा वास आला. त्याला बोटीवर बसवून दिलं आणि मी इथेच थांबलो, संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून दरवर्षी येतो, अळू सुकलेलं दिसलं की पाणीही घालतो." मग म्हणाले, "तुझ्या जाऊबाईला सांगतो, दादरहून आणला."

माझ्या रागाला बसायला जागाच उरली नव्हती. मघाशी ज्या झाडासाठी माझा जीव फाटत होता, त्याच झाडासाठी हा माणूस बोटीत बसून, तेलाची बाटली खिशात घालून, स्वतःच्याच घरात चोरी करायला येत होता.

नानांनी मोबाइल परत घेतला. "जयवंता, फणस फोडलंस?"

"फोडला, नाना. कापा आहे."

"पयलो गरो राखणदाराक ठेय."

भावोजी पडद्याबाहेर गेले. दगडापाशी काय झालं ते आम्हाला दिसलं नाही. तिथे बघायचं नसतंच. मग नानांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी आवाज एकदम खाली, बाळाला थोपटताना बोलतात तसा.

"बा राखणदारा, म्हाराजा! लेकराच्या हातून काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," पलीकडून आलं.

"आणि ही वाडी इकूचो इचार जर कोणाच्या मनात इलो आसात, तर तो हयच्या हय इसरून जावंदे रे म्हाराजा!"

होकार ऐकू आला नाही. पडद्यात माडाची झावळी हलली तेवढी. सहदेवने माझा हात धरला होता, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी न सांगता. कोंबडी एक आली, पडद्यातून चालत गेली. गाऱ्हाण्याला होकार न भरता तसंच टाकून जाणं आमच्यात कुणालाच जमत नाही, हे नानांना ठाऊक होतं. भावोजींनाही ठाऊक होतं. नानांनी खूण सोडली नव्हती, त्यांचं म्हातारं बोट पडद्यावर दाबून पांढरं पडलं होतं. त्यांनी ते सोडलं, तेव्हा कुठे पलीकडचं ऐकू यायला लागलं. फणसाखालून, तोंडात गरा असल्यासारखं, अगदी हळू:

"व्हय म्हाराजा."

मी पदर डोळ्यांना लावला. संघमित्रानेही नाक ओढलं, खिरीची वाटी पुन्हा उचलली, आणि नानांच्या पुढ्यात ठेवत म्हणाली,

"घ्या नाना. तुमची पोचपावती आली."